स्लाईड रूल आणि टाइपरायटर

मित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांनी स्लाईड रूल हातात घेतलाय? आमच्या डिपार्टमेंटच्या काचेच्या कपाटात एक ठेवलेला आहे. मधली पट्टी मागेपुढे सरकते आणि अंगावर बारीक आकडे कोरलेले आहेत. बहुतेक जण त्याला फूटपट्टी समजून पुढे जातात. पण कॅल्क्युलेटर येण्याआधी पूल, धरणं, इंजिनं, विमानं यांची गणितं याच पट्टीवर झाली. एका इंजिनिअरने तर आपल्या आत्मचरित्राचं नावच 'स्लाईड रूल' ठेवलं. आणि गंमत म्हणजे हा इंजिनिअर त्याच्या काळातला तुफान खपणारा इंग्रजी कादंबरीकार होता. त्याचं नाव नेव्हिल शूट.

नाव ओळखीचं वाटत नाही ना? साहजिक आहे. शेरलॉक होम्स आपल्याला शाळेपासून माहीत असतो, अगाथा ख्रिस्तीची पुस्तकं लायब्ररीत फाटेपर्यंत वाचली जातात. शूट मात्र मागे पडला. १९५० च्या दशकात त्याची नवी कादंबरी कधी येते याची लोक वाट बघायचे, हॉलिवूड त्यावर सिनेमे काढायचं. आज त्याच्या दोन-तीन पुस्तकांची नावं काही जणांना आठवतात, पण माणूस विस्मरणात गेला. वाङ्मयाच्या इतिहासात त्याच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ येते. साहित्यवाल्यांनी विसरलं तर विसरू देत. पण इंजिनिअरिंगवाल्यांनी त्याला विसरणं मला परवडण्यासारखं वाटत नाही. का, तेच सांगायचंय.

बोलताना अडखळणारा मुलगा

नेव्हिल शूट नॉर्वे हे त्याचं पूर्ण नाव. जन्म १७ जानेवारी १८९९, लंडनच्या ईलिंग भागात. लहानपणापासून तो बोलताना तोतरा व्हायचा. शाळेत पोरं चिडवायची. शेवटी अकराव्या वर्षाच्या सुमारास त्याने शाळेला दांडी मारायला सुरुवात केली, आणि तो रोज जाऊन बसायचा कुठे, तर लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये! तिथल्या इंजिनांची आणि विमानांची मॉडेल्स बघत दिवस काढायचा. (आपण बंक मारून कुठे जातो ते इथे न लिहिलेलं बरं.)

पुढे वडिलांची बदली डब्लिनला झाली. ते आयर्लंडच्या पोस्ट खात्याचे प्रमुख होते. १९१६ मध्ये आयरिश क्रांतिकारकांनी उठाव केला आणि आपलं मुख्य ठाणं केलं ते नेमकं डब्लिनच्या मोठ्या पोस्ट ऑफिसात. वडील काही मिनिटं आधीच बाहेर पडले होते म्हणून वाचले. सतरा वर्षांचा नेव्हिल त्या दिवसांत गोळीबारात जखमींचं स्ट्रेचर उचलत फिरत होता. त्याच्या आदल्याच वर्षी थोरला भाऊ फ्रान्समध्ये लढाईतल्या जखमांनी गेला होता. नेव्हिललाही अधिकारी म्हणून सैन्यात जायचं होतं, पण तोतरेपणामुळे ते जमलं नाही. शेवटी तो साधा शिपाई म्हणून भरती झाला, आणि तोवर महायुद्ध संपत आलं.

मग ऑक्सफर्डला इंजिनिअरिंग. १९२२ मध्ये डिग्री मिळाली ती थर्ड क्लास! आजच्या कॅम्पसला या मुलाला ॲप्टिट्यूड टेस्टलासुद्धा बसू दिलं नसतं. पण सुट्टीत तो डी हॅविलंड या विमान कंपनीत बिनपगारी काम करायचा, त्या ओळखीवर तिथेच नोकरी लागली. दिवसा स्ट्रेसची गणितं करायची आणि रात्री खोलीवर टाइपरायटर बडवायचा, असा क्रम सुरू झाला. पहिल्या दोन कादंबऱ्या प्रकाशकांनी परत पाठवल्या. तिसरी, 'माराझान', १९२६ मध्ये छापून आली.

इथे एक मजेची गोष्ट आहे. पुस्तकावर त्याने 'नॉर्वे' हे आडनाव घातलंच नाही, फक्त 'नेव्हिल शूट' एवढंच छापलं. कारण? ज्याच्या आकड्यांवर माणसांचे जीव अवलंबून आहेत असा इंजिनिअर फावल्या वेळात प्रेमकथा आणि साहसकथा लिहितो हे कळलं, तर साहेब लोक आपल्यावर भरवसा ठेवणार नाहीत, अशी त्याला भीती होती. म्हणजे कारखान्यात मिस्टर नॉर्वे आणि पुस्तकांच्या दुकानात नेव्हिल शूट. टोपणनावाने कविता देणारे आपल्या वर्गातले मित्र हे वाचून खूष होतील.

सात अज्ञातं आणि दोन माणसं

१९२४ मध्ये त्याला एक मोठं काम मिळालं. ब्रिटिश सरकारने तेव्हा दोन अवाढव्य एअरशिप बांधायला काढल्या होत्या. एअरशिप म्हणजे धातूच्या सांगाड्यात हायड्रोजनच्या पिशव्या भरलेलं, हवेत तरंगणारं जहाज. साम्राज्य दूरवर पसरलेलं, विमानं तेव्हा एवढ्या लांब जाऊ शकत नव्हती, म्हणून हा मार्ग. एक जहाज, आर-१०१, सरकारने स्वतः कार्डिंग्टनला बांधायचं. दुसरं, आर-१००, व्हिकर्स या खासगी कंपनीने यॉर्कशायरमधल्या हाउडनला. लोकांनी लगेच नावं ठेवली, एक 'समाजवादी जहाज' आणि दुसरं 'भांडवलवादी जहाज'.

आर-१०० चा मुख्य डिझायनर होता बार्न्स वॉलिस. पुढे दुसऱ्या महायुद्धात धरणं फोडणारा उड्या मारणारा बॉम्ब काढला, तोच हा. त्याच्या हाताखाली शूट 'चीफ कॅल्क्युलेटर' झाला. हो, तेव्हा कॅल्क्युलेटर हे माणसाच्या पदाचं नाव होतं!

जहाज ७०९ फूट लांब आणि १३३ फूट व्यासाचं. त्याचा सांगाडा म्हणजे सोळा बाजूंच्या मोठमोठ्या कड्या, आणि कडीला आतून सायकलच्या आऱ्यांसारख्या ताणलेल्या तारा. एस.ओ.एम. शिकलेल्यांना लगेच कळेल की खरी डोकेदुखी इथे आहे. तार फक्त ताण घेते, दाब घेत नाही. दाब आला की ती ढिली पडते. पण कुठली तार ढिली पडेल हे आधी माहीत नसतं. म्हणून आधी अंदाज करायचा, त्याप्रमाणे समीकरणं मांडायची, आणि मग सात-सात अज्ञातांची एकसामयिक समीकरणं सोडवायची. दहावीत दोन अज्ञातांना आपला घाम निघतो!

हे काम दोन-दोन माणसांच्या जोडीने चालायचं, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याला सापडावी. हातात फुलरचा स्लाईड रूल. हा आपल्या कपाटातल्यासारखा सपाट नसतो, तर लाटण्यासारखा गोल असतो आणि त्यावर सुमारे ४१ फूट लांबीची मोजपट्टी मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते. एका अंदाजाचं उत्तर यायला आठवडा लागायचा. आणि उत्तरात एखाद्या तारेत दाब दिसला, की अंदाज चुकला, वही बाजूला, पुन्हा पहिल्यापासून! अशा एकेका कडीला दोन-तीन महिने. आज ॲन्सिसवर आपण मेश टाकून चहा प्यायला जातो आणि परत येईपर्यंत रंगीत चित्र तयार असतं. त्या चित्रावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो. शूटला तसा विश्वास ठेवायची सोयच नव्हती, कारण प्रत्येक आकडा त्याच्या आणि त्याच्या माणसांच्या हातातून गेलेला होता. सगळ्या तारांचे आकडे शेवटी जुळले की जे समाधान मिळायचं, ते जवळजवळ देवदर्शनासारखं असायचं असं त्याने आत्मचरित्रात म्हटलंय. सबमिशनच्या रात्री रीडिंग्ज 'जुळवणाऱ्यांना' ते समाधान कळणं जरा कठीण आहे.

एक छोटा प्रसंग फार बोलका आहे. आर-१०१ च्या लोकांनी सुकाणू वळवायला जड सर्वो मोटर बसवली होती. शूटच्या टीमच्या हिशेबाने मोटरची गरजच नव्हती, हाताने चाक फिरवून जहाज वळलं असतं. समोरची टीम हुशार, सरकारी, पैसेवाली. मग चूक आपलीच असेल का? त्यांनी गणित पुन्हा तपासलं. चूक सापडेना. मोटर न बसवताच १६ डिसेंबर १९२९ ला आर-१०० पहिल्यांदा उडालं, आणि हाताने व्यवस्थित वळलं.

जुलै १९३० च्या अखेरीस ते कॅनडाला गेलं. शूट स्वतः त्यात बसून गेला होता. आपल्या आकड्यांवर आपणच बसून अटलांटिक ओलांडायचा, याहून अवघड व्हायव्हा कुठली असेल? वाटेत वादळाने शेपटाकडचं कापड फाटलं, ते हवेतच शिवलं. ऑगस्टमध्ये जहाज सुखरूप परत आलं.

नाशिकला जन्मलेला मंत्री

आता आर-१०१ ची पाळी. हे जहाज हिंदुस्थानात यायचं होतं, कराचीला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथे जहाज ठेवायला प्रचंड मोठी शेड बांधून तयार होती. उष्ण प्रदेशात पेट्रोल धोक्याचं ठरेल म्हणून आर-१०१ ला डिझेल इंजिनं लावली होती. ती निघाली फार जड. जहाज उचलणार किती आणि त्याचं स्वतःचं वजन किती, हा हिशेबच बसेना. मग गॅसच्या पिशव्यांभोवतीच्या जाळ्या सैल करून पिशव्या जास्त फुगवल्या. त्या सांगाड्याला घासायला लागल्या आणि त्यांना भोकं पडायला लागली. शेवटी जहाज मधोमध कापून त्यात आणखी एक भाग जोडला.

हवाई खात्याचे मंत्री होते लॉर्ड थॉमसन. त्यांचा जन्म १८७५ चा, आपल्या नाशिकचा! वडील इथे लष्करात होते. थॉमसनना या जहाजातून हिंदुस्थानात जाऊन ऑक्टोबरमध्ये लंडनला भरणाऱ्या साम्राज्य परिषदेसाठी परत पोचायचं होतं. म्हणजे तारीख आधी ठरली आणि जहाज नंतर तयार व्हायचं होतं. नवीन भाग जोडल्यावर एकच चाचणी उड्डाण झालं, तेही शांत हवेत. पूर्ण वेगाची चाचणी झालीच नाही. उड्डाणयोग्यतेचं सर्टिफिकेट निघायच्या तोंडावर हातात पडलं. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी, हवा बिघडत असताना, जहाज निघालं. मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ ते टेकडीला टेकलं आणि हायड्रोजनने पेट घेतला. ५४ पैकी ४८ माणसं गेली. त्यात मंत्री थॉमसन होते आणि जहाजाचा डिझायनर रिचमंडही होता.

यानंतर सरकारने एअरशिपचा नादच सोडला. काही दोष नसलेलं आर-१०० सुद्धा मोडून भंगारात काढलं. शूटच्या सहा वर्षांच्या कामाचा शेवट असा झाला.

शूटने १९५४ मध्ये 'स्लाईड रूल'मध्ये हे सगळं लिहिलं तेव्हा त्याचा राग ताजाच होता. त्याचं म्हणणं असं की कार्डिंग्टनच्या माणसांना दोष दिसत होते, पण मंत्र्याला 'नाही' म्हणायची हिंमत कोणाला झाली नाही. खातं एकच असल्यामुळे चूक कबूल केली तर आपल्याच साहेबाची नामुष्की. इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. शूट हा हरलेल्या-जिंकलेल्या दोन टीमपैकी एका टीमचा माणूस होता, तेव्हा त्याची साक्ष निःपक्षपाती धरता येत नाही. नंतरच्या अभ्यासकांनी त्याचं चित्रण एकतर्फी ठरवलंय. आर-१०० चं बाहेरचं कापडही काही फार चांगलं नव्हतं, हे तर त्यानेच कबूल केलंय. आणि रिचमंड स्वतः त्या जहाजात बसला होता, म्हणजे त्याने जाणूनबुजून लोकांना फसवलं असं म्हणता येत नाही. पण मला हे उलट जास्त भीतीदायक वाटतं. वाईट माणसं नव्हती, मठ्ठ माणसं नव्हती. तारीख ठरलेली होती आणि आकडा तारखेच्या आड येत होता, एवढंच.

बसच्या गॅरेजात विमानं

नोकरी गेल्यावर शूटने काय केलं? १९३१ मध्ये, ऐन मंदीत, हेसेल टिल्टमन या डिझायनर मित्राबरोबर यॉर्कला एका रिकाम्या बस गॅरेजात विमानं बनवायची कंपनी काढली! नाव 'एअरस्पीड'. आता स्टार्टअप म्हटलं की आपल्याला बंगलोर आठवतं, पण बसच्या गॅरेजात विमान म्हणजे कमालच. पैशाची कायम ओढाताण. तरी त्यांच्या 'कुरियर' विमानाला उड्डाणानंतर चाकं पोटात ओढून घेण्याची सोय होती. त्या वेळी इंग्लंडमधले अनेक जण म्हणत होते की या यंत्रणेचं वजन आणि कटकट परवडणार नाही. पुढे त्याच कंपनीचं 'ऑक्सफर्ड' हे प्रशिक्षण विमान आलं. अशी साडेआठ हजारांहून जास्त विमानं बनली आणि दुसऱ्या महायुद्धातले कितीतरी वैमानिक त्यावरच शिकले.

१९३८ मध्ये भागीदारांशी पटेनासं झालं आणि शूट बाहेर पडला. तोवर कादंबऱ्यांवर घर चालू लागलं होतं. १९३९ मध्ये त्याने शहरावर बॉम्बहल्ले झाले तर सामान्य कुटुंबाचं काय होईल यावर एक कादंबरी लिहिली. बॉम्बपेक्षा तुटलेल्या पाण्याच्या आणि मैल्याच्या नळांचा, म्हणजे रोगराईचा धोका त्यात जास्त रंगवलाय. सिव्हिलवाल्यांनी लक्ष द्यावं! प्रकाशकाने तिच्या हजार प्रती नागरी संरक्षणाच्या कार्यकर्त्यांना फुकट वाटल्या.

युद्धात तो नौदलाच्या एका चमत्कारिक खात्यात होता, जिथे अफलातून शस्त्रं शोधायचं काम चालायचं. त्यातलं 'पंजँड्रम' ऐका. दहा फुटी दोन चाकं, मधल्या पिंपात टनभर स्फोटकं आणि चाकांच्या कडेला दिवाळीतल्या भुईचक्रासारखी रॉकेट्स. जर्मनांची काँक्रीटची भिंत फोडायला हे किनाऱ्यावरून सोडायचं. किती स्फोटकं लागतील त्याचं गणित शूटचं. गणित बरोबर होतं, पण चक्र काही सरळ जाईना. जानेवारी १९४४ च्या शेवटच्या चाचणीत ते वळून बघायला आलेल्या साहेब लोकांवरच धावून गेलं आणि सगळ्यांची पळता भुई थोडी झाली. प्रकल्प गुंडाळला.

मिस्टर हनींचे १४४० तास

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या माणसाच्या कादंबऱ्यांत काय आहे?

१९४८ ची 'नो हायवे' घ्या. फार्नबरोच्या संशोधन केंद्रात थिओडोर हनी नावाचा एक गबाळा, विसरभोळा शास्त्रज्ञ आहे. त्याचा अभ्यास धातूच्या फटीगवर. आपल्याला माहीत आहे की तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण पुन्हा पुन्हा वाकवली तर तुटते. हनीचं गणित सांगतं की 'रेनडियर' या नव्या प्रवासी विमानाचं शेपूट १४४० तासांच्या आसपास तुटेल. कोणी विश्वास ठेवत नाही. रेनडियरच्याच एका अपघाताच्या तपासासाठी त्याला कॅनडाला पाठवतात. समुद्रावर असताना त्याला कळतं की आपण बसलोय ते विमान रेनडियरच आहे, आणि त्याचे तास जवळजवळ भरलेत! वाटेत विमान उतरतं. तपासणीत काहीच दोष दिसत नाही, म्हणून पुढे न्यायचं ठरतं. त्यावर हा भित्रा माणूस काय करतो, तर उभ्या विमानाची चाकं आत ओढायचा दांडा ओढतो. विमान पोटावर आपटतं आणि निकामी होतं. आता त्याची नोकरी, अब्रू, सगळं एका आकड्यावर टांगलेलं.

ही कादंबरी आल्यावर सहा वर्षांनी काय झालं पाहा. डी हॅविलंड, म्हणजे शूटचीच पहिली कंपनी, तिचं 'कॉमेट' हे जगातलं पहिलं प्रवासी जेट. १९५४ च्या जानेवारीत एक कॉमेट इटलीजवळ एल्बा बेटापाशी हवेतच फुटलं. एप्रिलमध्ये दुसरं नेपल्सजवळ. दोन्ही मिळून ५६ माणसं गेली. शोध लावला कोणी? फार्नबरोनेच. त्यांनी एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत बसवलं आणि केबिनमध्ये पुन्हा पुन्हा दाब भरून सोडला. आधीची खरी उड्डाणं धरून सुमारे ३,००० वेळा झाल्यावर केबिनचा पत्रा एका खिडकीच्या कोपऱ्यापाशी फाटला. कारण फटीग!

शूटला भविष्य दिसत होतं, असं काही नाही. कादंबरीत शेपूट तुटतं, कॉमेटमध्ये केबिन फाटली. फटीगवर तेव्हा संशोधन चालूच होतं. पण प्रश्नाचं मर्म त्याने बरोबर पकडलं होतं. फटीगचा तडा फार उशिरा दिसतो. डोळ्यांना सगळं ठीक दिसत असताना वहीतला आकडा 'थांबा' म्हणतो. अशा वेळी ऐकायचं कोणाचं? पाठ्यपुस्तकात एस-एन कर्व्ह आहे, पण तो कर्व्ह काढणाऱ्या माणसाच्या पोटात काय कालवतं ते नाही. ते या कादंबरीत आहे.

हँगरमधली पूजा

१९४८-४९ मध्ये शूट आपल्या छोट्या विमानाने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला जाऊन परत आला. १९५० मध्ये तो कुटुंबासह तिकडेच मेलबर्नजवळ राहायला गेला. सुमात्रात एका डच बाईने त्याला जपान्यांच्या कैदेतल्या बायकामुलांची हकिगत सांगितली होती. तिच्यावरून १९५० ची 'अ टाउन लाइक ॲलिस' झाली. त्याची ही बरीच गाजलेली कादंबरी. पण स्वतः शूटला सर्वांत सरस वाटायची ती पुढच्या वर्षीची 'राउंड द बेंड'.

ती आपल्याला तर फारच जवळची वाटेल. पार्श्वभूमी बहारीनच्या विमानतळाची. टॉम कटर नावाचा माणूस मालवाहू विमानांचा धंदा काढतो. त्याच्याकडे गुजरसिंग नावाचा शीख वैमानिक आहे, अरब आणि आशियाई मेकॅनिक आहेत. आणि आहे कॉनी शाकलिन, ग्राउंड इंजिनिअर. कॉनीचं सांगणं साधं आहे, की विमान नीट तपासणं हीच प्रार्थना. बोल्ट आवळताना मन दुसरीकडे असेल तर ते पाप, कारण वर माणसं बसणार आहेत. हळूहळू वेगवेगळ्या धर्मांचे मेकॅनिक त्याच्याभोवती जमतात, आणि हा माणूस नेमका कोण, असा प्रश्न कटरला पडतो. शूट उत्तर देत नाही.

खंडेनवमीला आपण वर्कशॉपमधल्या लेथला हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो. मळ्यात राबतानाच विठ्ठल पाहणारे सावता माळी आपल्याकडे होऊन गेले. त्यामुळे कॉनीचं म्हणणं आपल्याला परकं नाही. फरक इतकाच की तो म्हणतो, लेथची पूजा वर्षातून एकदा फुलांनी नको, रोज तेल घालून करा.

शेवटची कादंबरी 'ट्रस्टी फ्रॉम द टूलरूम' तो गेल्यावर, १९६० मध्ये आली. तिचा नायक कीथ स्टुअर्ट तळघरात बसून छोटी छोटी इंजिनं बनवतो आणि एका मासिकात ती कशी बनवायची ते लिहितो. खिशात दमडी नाही. अनाथ भाचीसाठी त्याला अर्धं जग ओलांडून जावं लागतं, आणि तो जातो कसा, तर जागोजागी त्याचे लेख वाचून इंजिनं बनवणारे लोक त्याला हात देतात म्हणून. खलनायक नाही, मारामारी नाही, तरी पुस्तक खाली ठेवत नाही.

मग विसरला कसा?

कारणं आहेत. त्याची भाषा साधी, जवळजवळ रिपोर्टसारखी. समीक्षकांना त्यात बोट ठेवायला अलंकार सापडेनात. त्याच्या काळातले काही पूर्वग्रह आणि शब्द आज खटकतात. सरकारवरचा राग कधी कधी गोष्टीच्या आड येतो. शिवाय १९५७ च्या 'ऑन द बीच'ने एवढा गाजावाजा केला की बाकीचा शूट त्याखाली झाकला गेला. त्यात अणुयुद्धाने उत्तर गोलार्ध संपलाय आणि मेलबर्नचे लोक किरणोत्सर्ग पोचायची वाट बघतायत. मरण ठरलेलं असूनही एक जोडपं पुढच्या वर्षीच्या बागेचं नियोजन करत असतं. १९५९ मध्ये ग्रेगरी पेकला घेऊन त्यावर सिनेमा निघाला, पण शूटला तो पटला नाही. १२ जानेवारी १९६० ला मेलबर्नमध्ये तो गेला. साठ वर्षांचं आयुष्य आणि वीसेक कादंबऱ्या.

मला विचाराल तर शूटच्या पुस्तकांत इंजिनिअर हा नायक असतो, तो गाणी म्हणतो किंवा गुंडांना बडवतो म्हणून नव्हे, तर काम नीट करतो म्हणून. उद्या आपण कुठल्यातरी ड्रॉइंगवर, टेस्ट रिपोर्टवर सही करणार आहोत. कोणीतरी म्हणेल, "अरे, तारीख ठरलीय, उद्घाटनाला मंत्री येतायत, टाक सही." तेव्हा आपल्यासमोर एका बाजूला कार्डिंग्टन असेल आणि दुसऱ्या बाजूला मिस्टर हनी. हे कुठल्या सिलॅबसमध्ये नाही.

जाता जाता एक कामाची गोष्ट. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. म्हणजे शूटच्या हयातीत छापलेल्या सगळ्या कादंबऱ्या १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे मोकळ्या झाल्यात. मराठीत आणायला कोणाची परवानगी लागत नाही. वाचायला सुरुवात 'नो हायवे'पासून करा, मग 'ट्रस्टी', आणि सावकाश 'राउंड द बेंड'. आणि ज्यांना भाषांतराची हौस आहे त्यांनी पुढच्या अंकासाठी 'नो हायवे'चं पहिलं प्रकरण करून पाहायला हरकत नाही. फटीगसाठी मराठी शब्द कोणता वापरायचा, एवढं मात्र आधी ठरवा. 'थकवा' म्हटलं की मला सबमिशनचा आठवडाच आठवतो!